लतिका मला वाचून दाखवायची

एशियाडच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दिल्लीत जिकडेतिकडे पूल उभे राहत होते आणि बसचे रस्ते रोज बदलत होते. मी कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथीगृहात स्वयंपाकी होतो. जुने लोक त्या रस्त्याला अजून कर्झन रोडच म्हणत. आम्ही राहायचो फरीदाबादला, पाच नंबरच्या वस्तीत, दोन खोल्यांत. पहाटेची शटल रेल्वेगाडी पकडून यायचं, दुपारची जेवणं उरकून, संध्याकाळची तयारी करून परतायचं. मंगळवारी सुट्टी.

मला अक्षरं येत नव्हती. आकडे येत. खोल्यांचे नंबर, बसचे नंबर, घड्याळ, हे सगळं बघून बघून आलेलं. नवव्या वर्षी वडील गेले, देवरुखजवळचं गाव सुटलं आणि पुण्यात खाणावळीत भांडी घासायला लागलो, तिथून एका साहेबाबरोबर दिल्ली. शिकायचं राहून गेलं. पण माझं अडत नसे. चाळीस जणांचं सांगणं मी कागदाशिवाय लक्षात ठेवायचो. सात नंबरला बिनतिखट, अकराला भाकरी, चौदाचे साहेब कांदा खात नाहीत. अतिथीगृहात याचं कौतुक होतं. मलाही त्याची थोडी मिजास होती.

आमची मुलगी लतिका तेव्हा आठ वर्षांची होती. आधी तिला घराजवळच्या एका शाळेत घातलं होतं. तिथं बाई पट्टी घेऊन बसत. लतिकाला रोज सकाळी उलटी व्हायची. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. तीन महिने असं चाललं. मग माझी बायको अलका, तिची सातवी झालेली, तिनं कुठूनतरी सुहासिनीबाईंच्या शाळेचा पत्ता काढला. बंद पडलेल्या गोदामाच्या मागं दोन खोल्या आणि एक कडुलिंबाचं झाड. चोवीस मुलं. घंटा नाही, परीक्षा नाही, इयत्ता नाही, छापलेली पुस्तकं कोपऱ्यात ठेवलेली, ज्याला हवं त्यानं घ्यावं. मुलं चित्रं काढत, वस्तू जोखत, मापत, वाद घालत. एखाद्या मुलानं आपणहून सांगितलं की माझ्या चित्राखाली हे लिहा, की सुहासिनीबाई लिहून देत, आणि तिथून त्याचं वाचन सुरू होई. मूल विचारेपर्यंत त्या थांबत.

लतिकाच्या उलट्या तिथं गेल्यावर आठ दिवसांत थांबल्या. तेवढ्यासाठी मी गप्प होतो. पण आतून माझा जीव टांगलेला होता. माझ्यासारख्या माणसाच्या मुलीनं अक्षराची वाट बघत बसायचं, हे मला परवडणारं नव्हतं.

"घाई करू नका," अलका म्हणायची.

"दोन वर्षं झाली."

"पोटात अन्न राहतंय ना तिच्या? बाकीचं येईल."

मग त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी लतिकाला म्हटलं, "शाळेतून एखादं पुस्तक आण आणि मला वाचून दाखव."

दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तक आणलं. मी हातपाय धुऊन सतरंजीवर बसलो. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं, बोट ठेवलं आणि वाचायला लागली.

"एक उंट होता. तो सरकारी नोकरीत होता. त्याला रविवारी सुट्टी नव्हती म्हणून तो रोज मंगळवारची वाट बघायचा."

अडखळली नाही, थांबली नाही. पान संपलं की उलटायची. मी तर बघतच राहिलो. त्या दिवसापासून आमचा नेमच झाला. मी आलो की चहा, आणि चहानंतर वाचन. कधी पुस्तक, कधी भाजी बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा. वर्तमानपत्रातून एकदा तिनं वाचलं की ओखल्याच्या कालव्यात मगर दिसली आहे आणि तिला पोहता येत नाही, म्हणून ती काठाकाठानं चालते. मी दुसऱ्या दिवशी अतिथीगृहात सगळ्यांना ही बातमी सांगितली. विष्णू म्हणून आमचा एक वाढपी होता, तो म्हणाला, "कुठल्या पेपरात?" मी म्हटलं, "माझ्या मुलीनं वाचली." तो ताटं उचलून आत गेला. मुलीनं वाचली म्हटल्यावर मलाही आणखी काही सांगावंसं वाटलं नाही.

मार्चमध्ये भाऊसाहेब आले. हे मंत्रालयातले अधिकारी. दर महिन्याला दिल्लीच्या कामासाठी येत आणि आठवडाभर नऊ नंबरमध्ये राहत. माझ्या हातचं पिठलं त्यांना आवडे. स्वभावानं चांगले, पण चांगलं करायचं ते आपल्याच पद्धतीनं. माझ्या मुलीच्या शाळेबद्दल त्यांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला.

"दत्तोबा, अरे तू काय साहेबलोक आहेस का असले प्रयोग करायला? त्यांच्या मुलांचं काही बिघडत नाही. तुझी मुलगी मागं राहिली तर कोण बघणार?" मग म्हणाले, "दिल्लीतल्या एका मोठ्या शाळेत माझा शब्द चालतो. तिसरीत एक जागा होऊ शकते. वाचता येतं ना तिला?"

"फाडफाड वाचते साहेब."

"मग रविवारी घेऊन ये. मी बघतो आणि चिठ्ठी देतो."

रविवारी लतिकाला घेऊन गेलो. अलकानं तिच्या दोन वेण्या घातल्या होत्या, हातात शाळेचं पुस्तक होतं. जेवणं झाल्यावर भाऊसाहेब जेवणघरातच बसले. त्यांच्यापुढं मुंबईहून विमानानं येणारं मराठी वर्तमानपत्र होतं. ते त्यांनी लतिकापुढं सरकवलं.

"वाच बाळ. कुठूनही."

लतिकानं कागदाकडं पाहिलं, मग भाऊसाहेबांच्या चष्म्याकडं पाहिलं.

"यांना वाचता येतं?" तिनं मला विचारलं.

"येतं की."

"मग त्यांनी वाचावं."

भाऊसाहेब हसले. "मला तुझं ऐकायचंय."

"मी फक्त बाबांना वाचून दाखवते."

"बरं, बाबांना दाखव. मी इथं नाही असं समज."

लतिकानं पुस्तक छातीशी धरलं. मला वाटलं, लाजते आहे. मी तिच्या हातातलं पुस्तक घेऊन उघडलं आणि म्हटलं, "उंटाचं वाच. ते छान आहे." भाऊसाहेबांनी ते पुस्तक माझ्या हातातून घेतलं, चार पानं चाळली.

"यात उंट कुठाय? हे तर फळांचं आहे. आणि हे हिंदी आहे, दत्तोबा."

"हो, शाळा हिंदी आहे ना."

"मग ती तुला हिंदीत वाचून दाखवते?"

"नाही साहेब. मराठीत."

भाऊसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मागं विष्णू वाट्या गोळा करत होता, त्याच्या नाकातून हसू बाहेर पडलं. मला अजूनही कळलं नव्हतं. पुस्तक एका भाषेत असलं की ते त्याच भाषेत वाचावं लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, अक्षरं म्हणजे अक्षरं. आमच्या घरात मराठी बोलतात म्हणून ती मराठीत वाचते.

भाऊसाहेबांनी मला बाजूला नेलं आणि हळू आवाजात सगळं समजावून सांगितलं. माझा त्यांनी अपमान केला नाही, हे सांगायला हवं. "तिला एक अक्षर येत नाही. तुला येत नाही हे तिला माहीत आहे, म्हणून ती मनचं सांगते. तुझा दोष नाही आणि पोरीचाही नाही. त्या शाळेचा आहे. आता तिसरी विसर. एक वर्ष मागं, दुसरीत बसवायला सांगतो. पण मी शुक्रवारी जाणार. त्याच्या आत हो की नाही सांग."

परतीच्या शटलमध्ये जागा मिळाली. लतिका खिडकीशी बसली. ओखला गेलं. मग तीच म्हणाली, "बाबा, रागावलात?"

"मला खोटं का वाचून दाखवलंस?"

"खोटं नव्हतं. मी बनवलेलं होतं."

"मग पुस्तक कशाला धरायचीस हातात?"

"तुम्ही पुस्तकाकडं बघत बसायचात म्हणून."

तुघलकाबाद आलं. एक बाई हिरव्या चण्यांचा भारा घेऊन चढली. लतिकानं तिला पाय ठेवायला जागा करून दिली आणि पुन्हा बाहेर बघू लागली.

घरी अलका पीठ मळत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मी काय बहिरी आहे? चार हातांवर तर बसायचात दोघं."

"रोज ऐकत होतीस?"

"रोज."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

अलकानं पिठावर ओलं फडकं टाकलं. "सांगणार होते. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. तुम्ही कामावरून आलात की आडवे व्हायचात, भिंतीकडं तोंड करून. ती वाचायला लागल्यापासून बसायला लागलात. हसायला लागलात." मग म्हणाली, "पण ते मगरीचं तुम्ही बाहेर सांगाल असं नव्हतं वाटलं."

मी ठरवलं, मंगळवारी शाळेत जायचं आणि नाव काढून आणायचं.

मंगळवारी सकाळी गेलो. त्या शाळेची एक पद्धत होती. दर मंगळवारी एका मुलाच्या आईनं किंवा वडिलांनी येऊन आपलं काम मुलांसमोर करून दाखवायचं. शिंप्यानं शिवायचं, परिचारिकेनं जखम बांधायची. मुलं मधेमधे विचारत, मोजत आणि झालेलं सगळं फळ्यावर लिहीत. आमच्या घरातून मला दोन वर्षं बोलावणं येत होतं. मी दोन वर्षं सांगत होतो की मंगळवारी ड्यूटी असते. तिथं कुणीतरी कागद पुढं करेल, काही वाच किंवा लिही म्हणेल, ही भीती.

दाराशी श्याम मिस्त्री भेटले. हे मथुरेकडचे, ट्रॅक्टरच्या कारखान्यात खरादीवर, म्हणजे लेथवर, होते. त्यांचा मुलगा पवन याच शाळेत. मी त्यांना सांगितलं, नाव काढायला आलोय.

"हम तो तीन बार निकालने आ चुके हैं," ते म्हणाले. "घर के सारे स्विच खोल दिए लड़के ने, और पहाड़ा पूछो तो आसमान देखता है. हर बार सोचता हूँ, आज ले जाऊँगा."

"फिर?"

"फिर क्या. सुबह मुझसे पहले तैयार बैठा मिलता है. उस मुँह को क्या बोलूँ?" त्यांनी सायकलला टांग मारली. "आप पक्का कर लो, यार. फिर मुझे भी बताना कैसे किया."

सुहासिनीबाई करोलबागेत वाढलेल्या. पन्नाशीच्या, आवाज जाड, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायच्या. मी हात जोडून उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं. वाचनाचं, भाऊसाहेबांचं, दुसरीतल्या जागेचं.

त्यांनी मधे तोडलं नाही. मग आत जाऊन लतिकाची चित्रवही घेऊन आल्या. दुसऱ्या एका मुलाचीही आणली. त्या मुलाच्या प्रत्येक चित्राखाली दोन ओळी लिहिलेल्या होत्या. लतिकाच्या वहीत उंट होता, मगर होती, अतिथीगृहाची मोठी चूल होती, आणि प्रत्येक चित्राखालची जागा कोरी होती.

"मी प्रत्येक वेळी विचारते, लिहू का खाली," त्या म्हणाल्या. "माहीत आहे काय म्हणते? म्हणते, कशाला, बाबांना सांगितलं की राहतं."

मी वहीकडं बघत राहिलो.

"मला वाटायचं, घरी तुम्ही लिहून ठेवता. आज कळलं," त्या म्हणाल्या. "माझीही चूक आहे. मी यायला हवं होतं तुमच्या घरी. काढायचं असेल तर बिल्कुल काढा, मी आत्ता कागद करून देते. पण आज जिची पाळी होती ती आई आजारी आहे. चोवीस मुलं बसली आहेत. तुम्ही आलाच आहात तर एक वाजेपर्यंत थांबता का?"

मी म्हटलं, "मला फक्त रांधता येतं."

"चलो, तेच करा."

दडपे पोहे करायचे ठरले, कारण शाळेत स्टोव्ह एकच होता. मिस्त्रींचा पवन आणि आणखी दोघं दुकानातून पोहे, नारळ, मिरच्या, लिंबं घेऊन आले. झाडाखाली चटई टाकली. मी नारळ फोडला आणि मुलं चारी बाजूंनी गोळा झाली. चोवीस मुलांना पोहे किती लागतील, मी हातानं काढू लागलो तर पवननं माझी मूठच धरली.

"अंकल, रुको. एक मुट्ठी में कितना आता है?"

मला काय माहीत. आजवर कुणी विचारलं नव्हतं. डब्यांच्या झाकणांचा त्यांचा एक तराजू होता. त्यात माझी मूठ जोखली गेली. मग पवनची मूठ, मग एका लहान मुलीची, तिच्या पाच मुठी म्हणजे माझ्या दोन. यावर भांडण झालं, पुन्हा जोखलं. मला हसू यायला लागलं. एवढ्या वेळात अतिथीगृहात दोन भाज्या झाल्या असत्या.

लतिका मुकादमासारखी उभी होती. "पहले नारियल का पानी, फिर पोहा. नहीं तो कड़क रहेगा. बाबा, हो ना?" तिनं मला कधी करताना पाहिलं होतं, कुणास ठाऊक. पवन खडू घेऊन फळ्यावर लिहीत होता. पोहे इतक्या मुठी, मिरच्या सात, लिंबं पाच. मी मीठ टाकलं ते चिमटीनं. मुलांनी मोठ्यानं मोजलं. नऊ चिमटी.

सगळं कालवून झाकून ठेवलं. दडपायला वेळ हवा होता. लतिका फळ्यापुढं गेली आणि तिथं उभी राहिली.

"गलत है," ती म्हणाली.

"क्या गलत है?" पवन म्हणाला.

"नमक नौ था. यहाँ नौ है ही नहीं."

आकडे तिला येत होते, माझ्यासारखेच. पवननं कुठंतरी नऊच्या जागी सहा लिहिला होता. पण फळ्यावर सहा तीन ठिकाणी होते.

"नमक कौन-सा है?" लतिकानं विचारलं.

"खुद ढूँढ," पवन म्हणाला. त्याला चूक काढलेली आवडली नव्हती.

ती बोट घेऊन एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेली, परत आली. बाकीच्या मुलांना दिसत होतं, तिला दिसत नव्हतं. सुहासिनीबाई लिंबाच्या साली गोळा करत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. लतिका माझ्याकडं वळली. अडलं की ती माझ्याकडंच वळायची.

"बाबा, यातलं मीठ कोणतं?"

मी फळ्याकडं पाहिलं. आठ ओळी होत्या. माझे हात मिठाचे होते, आणि मीठ कुठं लिहिलंय ते मला सांगता येत नव्हतं. याआधी अशा वेळी मी चष्मा विसरलोय म्हणायचो, किंवा तुम्हीच बघा, मी घाईत आहे म्हणायचो. तेवढ्या मुलांसमोर माझ्या तोंडून दुसरंच आलं.

"मला येत नाही."

"अंकल को भी नहीं आता?" पवननं विचारलं. हसला नाही. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

"नहीं आता."

मघाची ती लहान मुलगी, जिच्या पाच मुठी झाल्या होत्या, उठली. तिनं माझं बोट धरून फळ्याशी नेलं आणि चौथ्या ओळीवर ठेवलं. "ये रहा. न. म. क." माझं बोट तिनं तिन्ही अक्षरांवरून फिरवलं, लहान मुलाला पाटीवर शिकवतात तसं. माझ्या बोटाचं मीठ खडूला लागलं.

लतिका बघत होती. मग मधे घुसली.

"मुझे भी."

तिनंही बोट फिरवलं. न, म, क. दोनदा. मग बाहीनं सहा पुसला आणि नऊ काढला. तिनं बाईंना हाक मारली आणि वही आणली. चुलीचं चित्र असलेलं पान उघडून म्हणाली, "इथं लिहा. नमक. आणि मग मीठ पण लिहा. बाबांना दोन्ही लागतील."

सुहासिनीबाईंनी हात पुसले आणि लिहिलं.

पोहे चांगले झाले होते. मुलांनी पातेलं चाटूनपुसून संपवलं. एक वाजला. मी बाईंना गाठलं.

"ती कधी वाचेल?"

"सांगता येत नाही."

"अंदाज?"

"दत्ताजी, अंदाज सांगितला तर तुम्ही तारीख धरून बसाल. वाचेल एवढं सांगते. आज तिनं पहिल्यांदा मागितलं. पुढचं तिच्यावर आहे, आणि थोडं तुमच्यावर."

"माझ्यावर काय?"

"मंगळवारी तुम्हाला सुट्टी असते, हे लतिकानं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

नाव काढायचा कागद मी मागितला नाही. नको असंही म्हटलं नाही. बुधवारी, गुरुवारी कामावर माझं लक्ष नव्हतं. अकरा नंबरची भाकरी सातला गेली. विष्णू म्हणाला, "काय दत्तोबा, आज मगर मोकळी सुटली वाटतं." मी ऐकून घेतलं.

मी आळीपाळीनं दोन्हीकडं विचार करत होतो. मोठ्या शाळेत गेली तर वर्षभरात वाचेल, त्यात शंका नव्हती. पट्टीनं का होईना, वाचेल. उलट्याही होतील. पण उलट्यांनी कुणी मरत नाही, आणि अक्षराशिवाय माणूस कसा जगतो हे मला माहीत होतं. हे एकीकडं. दुसरीकडं एवढंच होतं की तिनं मागितलं होतं. तीन अक्षरं. त्यावर मुलीचं आयुष्य टांगायचं का?

शुक्रवारी सकाळी भाऊसाहेबांची बॅग बांधलेली होती. मी चहा घेऊन गेलो. टेबलावर शाळेचा फॉर्म होता, त्यांनी स्वतः आणवलेला.

"हं. काय ठरलं?"

"राहू दे साहेब."

"काय राहू दे?"

"जागा. ती आहे त्याच शाळेत राहील."

"का?"

"साहेब, तिनं विचारलं."

"काय विचारलं?"

"मीठ कोणतं ते."

भाऊसाहेब माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी फॉर्मची घडी घातली. "दत्तोबा, मी तुझं वाईट चिंतत नाही. पण उद्या ती मोठी झाली आणि तुझ्यासारखी कुणाच्या तरी चुलीपुढं उभी राहिली, तर माझी आठवण काढशील."

मी रिकामा कप उचलला. त्यांची बॅग मोटारीपर्यंत नेली. त्यानंतरही ते येत राहिले, पिठलंही मागत, पण मुलीबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही.

घरी आलो तेव्हा अलकाच्या पुढ्यात लोखंडी ट्रंक उघडी होती.

"लतिकाचा जन्माचा दाखला सापडत नव्हता, आत्ता मिळाला," ती म्हणाली. "फॉर्मला लागेल ना?"

मी खाली बसलो. "मी नाही म्हणून सांगितलं."

तिनं ट्रंकेचं झाकण लावलं.

"मला विचारलं नाहीत," ती म्हणाली.

"दोन वर्षं तूच सांगतेस, घाई करू नका."

"सांगत होते. तुम्ही दोघांपुरती घाई करत होता म्हणून मला धीर होता. आता तुम्हीच सोडलंत, तर घाई कुणी करायची?" तिच्या आवाजात राग नव्हता. भीती होती, आणि ती मला नवीन होती. इतके दिवस मला वाटत होतं की ही बाई त्या शाळेवर डोळे मिटून विश्वास ठेवते. ती डोळे उघडे ठेवून, रोज मनात दिवस मोजत विश्वास ठेवत होती.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"दिवाळीपर्यंत बघू. दिवाळीपर्यंत नाही वाचलं तर कुठल्याही शाळेत घालू, मिळेल त्या."

"आणि उलट्या?"

"दिवाळीपर्यंत बघू म्हटलं ना."

त्या पुढच्या मंगळवारपासून मी शाळेत जाऊ लागलो. सुहासिनीबाईंनी मला सहा वर्षांच्या मुलांत बसवलं. लतिका मोठ्यांत होती. आमच्या वहीत रोज एक-दोन शब्द वाढत. मीठ, तवा, उंट, रजा. ती मागायची आणि बाई लिहायच्या, आणि मंगळवारी ती मला दाखवायची. संध्याकाळचं वाचन आम्ही सोडलं नाही. पण आता ते फार हळू झालं. एका ओळीला चहा थंड व्हायचा. पूर्वीसारखी मजा नव्हती, हे मी कबूल करतो. एकदा मी म्हटलंही, "जरा ते बनवलेलं सांग की." तर म्हणाली, "थांबा ना बाबा, हे संपू दे."

पावसाळा गेला. एशियाडचे दिवस आले तशी दिल्ली चकाचक झाली आणि आमच्या अतिथीगृहात माणसं मावेनात. दिवाळीला मला एकच दिवस रजा मिळाली. फराळाचं झाल्यावर अलकानं आम्हा दोघांना समोर बसवलं. तिनं किराणा दुकानातली यादी काढली. दुकानदाराच्या हातची होती ती, वेडीवाकडी.

लतिकानं वाचायला घेतली. बेसन, चीनी, सूजी, घी, गुड़. सरळ अक्षरं ती वाचत होती. जोडाक्षर आलं की थांबायची, ओठ हलवायची आणि पुढच्या ओळीवर उडी मारायची. यादीत बारा वस्तू होत्या, तिनं आठ वाचल्या. मग अलकानं यादी माझ्यापुढं केली. मी तीन वाचल्या, त्यातली एक चुकली.

अलकानं कागद हातात घेऊन पुन्हा वरून खाली पाहिला, दुकानदारानं हिशेबात चूक केली की काय असं बघावं तसा. आम्ही दोघं वाट बघत होतो.

"होळीपर्यंत बघू," ती म्हणाली आणि चिवड्याचा डबा झाकून उठली.